पाण्याचा हिशेब मांडणारा डॉक्टर: अ‍ॅक्वेरियमची रिटर्न लाइन आणि डॅनियल बर्नुली

रील बघताना तुम्ही मोठाले अ‍ॅक्वेरियम नक्की पाहिले असतील. वर काचेची स्वच्छ टाकी असते आणि आत फिल्टर, हीटर किंवा वायर काहीच दिसत नाही. हे सगळं सामान खालच्या कपाटात लपवलेल्या दुसऱ्या टाकीत असतं. या खालच्या टाकीला सम्प म्हणतात (एसटीच्या संपाशी याचा काहीही संबंध नाही!). वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोमधून आपोआप खाली उतरतं, सम्पमध्ये गाळलं जातं आणि एक पंप ते परत वर चढवतो. पंपापासून वरच्या टाकीपर्यंत जो पाइप जातो, ती रिटर्न लाइन. बिल्डिंगमध्ये खालच्या टाकीतलं पाणी मोटर लावून गच्चीवर चढवतात ना, अगदी तीच व्यवस्था, फक्त छोटी.

सम्पबद्दल मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पंपाच्या खोक्यावर ताशी ३,००० लिटर लिहिलेलं असतं, मग वर एवढीशी धार का येते? पाइप पाऊण इंची घ्यायचा की एक इंची? आणि लाइट गेली तर घरात पाणी पाणी होईल का?

हे तीनही प्रश्न ज्याच्या कामातून सुटतात, त्याचं नाव तुम्ही बारावीच्या फिजिक्समध्ये वाचलंय: डॅनियल बर्नुली. पुस्तकात त्याचं एक समीकरण येतं, दोन मार्क मिळतात आणि आपण पुढे जातो. पण त्या समीकरणामागचा माणूस पेशाने डॉक्टर होता. त्याला व्यापारी करायचं घरच्यांनी ठरवलं होतं, आणि ज्या पुस्तकाने त्याचं नाव अमर केलं त्याच पुस्तकाचं श्रेय त्याच्या सख्ख्या वडिलांनी हिरावायचा प्रयत्न केला. आज मी त्याची गोष्ट सांगणार आहे आणि सोबतच आपली रिटर्न लाइनही जोडून घेणार आहे.

मसाल्याचे व्यापारी आणि गणिताचं वेड

बर्नुली घराणं मूळचं अँटवर्पचं, म्हणजे आजच्या बेल्जियममधलं. ते प्रोटेस्टंट होते. धर्मावरून छळ सुरू झाल्यावर घराण्याने गाव सोडलं आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात बस्तान बसवलं. धंदा मसाल्यांचा. पण या घरात एकामागून एक गणिती निपजले. डॅनियलचे काका याकोब आणि वडील योहान हे दोघेही त्या काळात युरोपातले पहिल्या फळीतले गणिती होते. दोघांचं आपसात मात्र अजिबात पटत नसे. कोणाची युक्ती आधीची, कोणाची नंतरची, यावरून भावाभावांत जाहीर भांडणं झाली. हे लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण येईल.

डॅनियलचा जन्म ८ फेब्रुवारी १७०० रोजी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे झाला. योहान तेव्हा तिथे प्राध्यापक होते. १७०५ मध्ये काका याकोब वारले. बाझल विद्यापीठातली त्यांची जागा योहानना मिळाली आणि कुटुंब परत बाझलला आलं. तेराव्या वर्षी डॅनियल विद्यापीठात दाखल झाला आणि सोळाव्या वर्षी त्याने मास्टर्सची पदवीही घेतली. गणित तो घरीच शिकत होता, वडिलांकडून आणि थोरला भाऊ निकोलाउसकडून.

आता गंमत बघा. योहान स्वतः तरुण असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना मसाल्याच्या धंद्यात बसवायचा हट्ट धरला होता. तो मोडूनच ते गणिताकडे वळले होते. पण स्वतःच्या मुलाची वेळ आली तेव्हा त्यांनीही तेच केलं. गणितात पैसा नाही म्हणून डॅनियलला व्यापार शिकायला पाठवलं. पोराचं मन तिथे लागेना. शेवटी तडजोड झाली ती वैद्यकीय शिक्षणावर. (इंजिनीअरिंग की मेडिकल हा वाद किती जुना आहे ते बघा!) हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग आणि परत बाझल असा प्रवास करत १७२१ मध्ये त्याने डॉक्टरेट घेतली. प्रबंधाचा विषय होता श्वासोच्छ्वासाचं यंत्रशास्त्र. म्हणजे डॉक्टर झाला तरी तो शरीराकडे भाता, नळ्या आणि दाब याच नजरेने बघत होता.

पत्ते, वाळूचं घड्याळ आणि भोकातून पडणारं पाणी

बाझलमध्ये प्राध्यापकाच्या जागांसाठी त्याने अर्ज केले. तिथे शेवटच्या उमेदवारांमध्ये चिठ्ठ्या टाकून निवड होत असे. डॅनियलची चिठ्ठी एकदा नाही, दोनदा हुकली. मग तो वैद्यकीचा अनुभव घ्यायला व्हेनिसला गेला. तिथे आजारी पडला, पण लिखाण चालू ठेवलं. १७२४ मध्ये त्याचं गणितावरचं पहिलं पुस्तक आलं. त्यात फारो नावाच्या पत्त्यांच्या जुगाराचा हिशेब होता आणि भांड्याला पाडलेल्या भोकातून पाणी कसं वाहतं याचाही.

त्याच सुमारास त्याने जहाजासाठी घड्याळ सुचवलं. समुद्रात जहाज कितीही हेलकावे खात असलं तरी त्याची धार एकसारखी चालली पाहिजे, अशी ती रचना होती. त्याला १७२५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं. पुढे आयुष्यभरात त्याने हे बक्षीस एकूण दहा वेळा पटकावलं: कधी नांगरावर, कधी भरती-ओहोटीवर, कधी चुंबकावर.

भोकातून पडणाऱ्या पाण्यावर आपण जरा थांबूया, कारण आपली रिटर्न लाइन इथूनच सुरू होते. बादलीला खाली भोक पाडलं तर पाणी जोरात बाहेर येतं. बादली जितकी भरलेली तितका जोर जास्त, आणि पातळी उतरली की धार मंदावते. याचा अर्थ असा की पाण्याची उंची ही साठवलेली ताकद आहे आणि तीच खर्च होऊन वेग मिळतो. उंची देऊन वेग विकत घेता येतो आणि वेग देऊन उंची. कारंज्याची धार वर जाता जाता मंद होते, ती याच कारणाने.

सेंट पीटर्सबर्ग: भाऊ गेला, मित्र मिळाला

१७२५ मध्ये रशियाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये नवी विज्ञान अकादमी सुरू होत होती. तिथे डॅनियल आणि निकोलाउस अशा दोघा भावांना बोलावणं आलं. दोघे सोबत गेले. पण वर्षही पुरं झालं नाही आणि १७२६ मध्ये निकोलाउस तापाने वारला. ज्याच्याकडून गणित शिकला तो भाऊ गेला, वर परका देश आणि हाडं गोठवणारी थंडी. डॅनियलला परत जावंसं वाटू लागलं.

अशात १७२७ मध्ये बाझलहून एक वीस वर्षांचा तरुण तिथे आला. हा योहानचाच विद्यार्थी, लिओनार्ड ऑयलर. होय, गणिताच्या पुस्तकात पानोपानी भेटणारा तोच ऑयलर. पुढची सहा वर्षं या दोघांनी शेजारी राहून जे काम केलं, ते डॅनियलच्या आयुष्यातलं सर्वांत सुपीक काम मानलं जातं.

डॅनियल डॉक्टर होता, त्यामुळे त्याच्या डोक्यात रक्त घोळत होतं. रक्तवाहिनी म्हणजे शेवटी एक पाइपच. तिच्यातून रक्त वाहत असताना आतला दाब मोजायचा कसा? त्याने पाणी वाहत्या पाइपच्या भिंतीला बारीक भोक पाडून तिथे उभी काचेची नळी बसवली. पाणी नळीत ठरावीक उंचीपर्यंत चढलं आणि थांबलं. ती उंची म्हणजेच आतला दाब! पाइपमधून पाणी जितकं वेगात वाहील, तितकं या नळीतलं पाणी खाली राहतं हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे वेग वाढला की दाब कमी होतो.

आता सगळं जुळून आलं. वाहत्या पाण्याकडे ताकद तीन रूपांत असते: उंची, दाब आणि वेग. एक वाढलं तर दुसरं घटतं. बेरीज तीच राहते. तुमच्या फोनच्या बॅटरीसारखंच समजा. स्क्रीनचा ब्राइटनेस, डेटा आणि जीपीएस, तिघांनाही चार्ज एकाच बॅटरीतून मिळतो. जास्त कुठे दिला, तर दुसरीकडे कमी उरणारच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपण शाळेत पाठ करतो ते समीकरण, आज दिसतं त्या रूपात, डॅनियलने लिहिलेलं नाही. ते रूप पुढे ऑयलरने दिलं. पण कल्पना आणि प्रयोग डॅनियलचे.

आता हा हिशेब आपल्या पाइपला लावूया

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक, ताशी किती लिटर. दोन, हेड किंवा एच-मॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त किती मीटर उंची. बरेच जण हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळतील असं धरून चालतात. तसं होत नाही. लिटरचा आकडा आहे शून्य उंचीचा, आणि उंचीचा आकडा आहे शून्य प्रवाहाचा! त्या उंचीला पंप पाणी नुसतं तोलून धरतो, धार येतच नाही. आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. म्हणूनच चांगल्या पंपासोबत एक आलेख दिलेला असतो. किती उंचीला किती लिटर मिळतील, ते त्यावर बघायचं.

पंपाची ताकद चार ठिकाणी खर्च होते.

पहिला खर्च उंचीचा. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतचं उभं अंतर टेपने मोजा. पाइप कपाटामागून कितीही वळून गेला तरी हा आकडा बदलत नाही. समजा तो १.२ मीटर आला. हा खर्च टाळताच येत नाही.

दुसरा खर्च पाइपच्या घर्षणाचा. डॅनियलच्या हिशेबात घर्षण धरलेलं नव्हतं. ती बाजू पुढच्या शतकात वाइसबाख आणि दार्सी यांनी भरून काढली. घर्षण जवळपास वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट झाला तर नुकसान चौपट.

तिसरा खर्च वळणांचा. प्रत्येक एल्बोमध्ये पाणी आपटतं, भोवरे होतात आणि ताकद वाया जाते.

चौथा खर्च शेवटच्या धारेचा. पाणी ज्या वेगाने टाकीत शिरतं, तेवढी ताकद ते सोबत घेऊन जातं.

मी एक उदाहरण सोडवून दाखवतो. ताशी २,००० लिटर पाणी वर हवंय, पाइप २ मीटर लांब आणि त्यात ३ एल्बो.

- आतून २० मिलिमीटरचा पाइप (साधारण पाऊण इंची): पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.८ मीटर. घर्षण, एल्बो आणि धार मिळून जवळजवळ १ मीटर उंचीइतकं नुकसान.
- आतून २५ मिलिमीटरचा पाइप (साधारण एक इंची): वेग सेकंदाला सुमारे १.१ मीटर. एकूण नुकसान ४० सेंटीमीटरच्या आत.

फरक बघा. पाइप फक्त ५ मिलिमीटरने रुंद झाला आणि नुकसान निम्म्याहून खाली आलं. पाऊण इंचीत पंपाला एकूण २.२ मीटरचं काम, एक इंचीत साधारण १.६ मीटरचं. पंप तोच, वीजही जवळपास तीच, पण वर येणारं पाणी जास्त. मोठा पंप घेण्याआधी पाइप मोठा करा, तो स्वस्त पडतो. पंपाच्या तोंडाचं माप बारीक असलं तरी लगेच पुढे रिड्यूसर लावून पाइप मोठा करता येतो.

आणि हो, शेवटी बारीक नोझल लावायचा मोह होतो, कारण धार जोरदार दिसते. तेवढंच पाणी एक इंची पाइपच्या टोकाला अर्धा इंची तोंडातून काढायचं म्हटलं, तर जागा पाव होते, म्हणून वेग चौपट होतो आणि वेगाचा खर्च सोळापट! आपल्या उदाहरणात हा खर्च ६-७ सेंटीमीटरवरून थेट १ मीटरच्या आसपास जातो. पंप एवढं देऊ शकत नसेल, तर तो सरळ पाणी कमी करतो. धार जोरात दिसेल, पण लिटर कमी येतील. टाकीत पाणी नुसतं हलतं ठेवायचं असेल, तर त्यासाठी वेगळा वेव्हमेकर लावलेला बरा. रिटर्न लाइनचं खरं काम पाणी सम्पमधून फिरवणं हे आहे. टाकीतलं पाणी तासाला तीन ते पाच वेळा सम्पमधून फिरलं, तर बहुतेक घरगुती टाक्यांना पुरतं.

पुस्तक आलं आणि घर सुटलं

डॅनियलकडे परत येऊ. १७३३ मध्ये तो धाकट्या भावासोबत पीटर्सबर्ग सोडून निघाला. जाताना आपल्या पाण्यावरच्या पुस्तकाचं हस्तलिखित त्याने तिथे ठेवलं. बाझलमध्ये त्याला जागा मिळाली, पण कसली? शरीररचना आणि वनस्पतिशास्त्राची. पाण्याचा हिशेब मांडणारा माणूस वर्गात झाडंपाला शिकवू लागला.

१७३४ मध्ये पॅरिस अकादमीचा निकाल लागला. ग्रहांच्या कक्षांवरच्या निबंधासाठीचं बक्षीस दोघांत विभागून दिलं गेलं: योहान बर्नुली आणि डॅनियल बर्नुली. बाप आणि लेक, एकाच पायरीवर. कुठलाही बाप या बातमीने पेढे वाटेल. योहान मात्र भडकले. आपला मुलगा आपल्या बरोबरीचा ठरवला गेला हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी डॅनियलला घराचा दरवाजा बंद केला. भावाशी भांडलेले योहान आता मुलाशी भांडले.

१७३८ मध्ये स्ट्रासबर्गहून 'हायड्रोडायनॅमिका' प्रसिद्ध झालं. एकूण तेरा प्रकरणं. त्यात भोकातून वाहणारं पाणी आहे, पाणी चढवणाऱ्या पंपांचा आणि यंत्रांचा हिशेब आहे, वाहत्या पाण्याचा भिंतीवरचा दाब आहे. दहाव्या प्रकरणात तर वायू म्हणजे सैरावैरा धावणारे बारीक कण, आणि त्यांच्या धडकांमुळे दाब येतो, ही कल्पना आहे. ती विज्ञानाने गंभीरपणे घ्यायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली. आणि मुखपृष्ठावर डॅनियलने स्वतःच्या नावापुढे काय छापलं? योहानचा मुलगा. ज्या बापाने घराबाहेर काढलं, त्याचंच नाव.

योहाननी काय केलं? त्यांनी 'हायड्रॉलिका' नावाने स्वतःचं पुस्तक काढलं, विषय तोच. ते छापून आलं १७४३ च्या सुमारास, पण त्यावर वर्ष टाकलं होतं १७३२. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की बापाचं काम आधीचं आणि मुलाने त्यावरून घेतलं. आज फाइलची तारीख मागे करून स्क्रीनशॉट टाकणारे असतात ना, तसाच हा प्रकार, तीनशे वर्षांपूर्वीचा. योहानचं पुस्तक अगदीच पोकळ नव्हतं, दाबाची मांडणी त्यांनी काही ठिकाणी मुलापेक्षा नेटकी केली होती, हेही अभ्यासक मान्य करतात. पण वर्ष मुद्दाम मागचं टाकलं, असंच इतिहासकार मानतात.

डॅनियल कोलमडला. आपलं दहा वर्षांचं काम एका झटक्यात लुटलं गेलं, असं त्याने ऑयलरला पत्रात कळवलं. गणितापेक्षा जोडे शिवायला शिकलो असतो तर बरं झालं असतं, इथपर्यंत त्याची निराशा गेली. वडिलांवर जाहीर चिखलफेक मात्र त्याने केली नाही. १७४८ च्या पहिल्याच दिवशी योहान वारले, तोवर बापलेकांचं पुन्हा जुळलं नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डॅनियलचा हिशेब वाचला तो भांडणामुळे नाही, तर तो तपासता येण्यासारखा होता म्हणून. नळी लावा, उंची मोजा, बरोबर की चूक ते पाणीच सांगतं. नाव कोणाचंही असो, पाइपमधलं पाणी कोणाची भीडभाड ठेवत नाही.

लाइट गेल्यावर काय होतं?

हाच नियम तिसऱ्या प्रश्नाला लावूया. रिटर्न लाइनचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली आहे आणि लाइट गेली. पंप थांबला. आता वरचं पाणी उंचावर आहे, सम्प खाली आहे आणि मध्ये पाण्याने भरलेला अखंड पाइप आहे. मग पाणी उलटं खाली येऊ लागतं. यालाच सायफन म्हणतात. ड्रममधून नळीने पाणी काढतो, तेच. पाइपच्या तोंडात हवा शिरेपर्यंत हे थांबत नाही.

किती पाणी येईल? टाकी १२० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि पाइपचं तोंड पाण्याखाली ५ सेंटीमीटर असेल, तर १२० × ४५ × ५ म्हणजे २७,००० घनसेंटीमीटर, अर्थात २७ लिटर. दीड बादली पाणी. सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी नसेल तर ते फरशीवर येणार, कपाटाचं प्लायवूड फुगणार आणि कपाटात एक्स्टेंशन बोर्ड असेल तर धोका जिवाचा.

उपाय सोपे आहेत:

- पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या शक्य तितकं जवळ ठेवा. वरच्या उदाहरणात ५ ऐवजी १ सेंटीमीटर ठेवलं, तर २७ ऐवजी साडेपाच लिटरच खाली येतील.
- तोंड खोल ठेवायचंच असेल, तर पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथे आली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. शेवाळ आणि गोगलगायी हे भोक बुजवतात, म्हणून दर आठवड्याला साफ करा. दोन भोकं पाडली तर आणखी चांगलं.
- एकट्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. त्यात एक बारीक गोगलगाय किंवा वाळूचा कण अडकला तरी तो पूर्ण बंद होत नाही.
- सम्पमध्ये उलट येणाऱ्या सगळ्या पाण्याला पुरून थोडी उरेल एवढी जागा कायम मोकळी ठेवा. ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचं थोडं पाणीही खाली येतं, ते यात धरा.
- पंपाची वायर बोर्डाच्या पातळीखाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल.

व्हॉल्व्हचा विषय निघाला म्हणून सांगतो, १७३८ मध्येच डॅनियलचा एक प्रसिद्ध लेख आला होता. तोही धोका कसा मोजायचा यावर. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: तेवढ्याच रुपयांचा फटका गरिबाला आणि श्रीमंताला सारखा बसत नाही. धोका मोजताना नुसती शक्यता बघू नका, तो आपल्याला किती महागात पडेल हेही बघा. व्हॉल्व्ह अडकायची शक्यता कमी असेल, पण भाड्याच्या घरात खालच्या मजल्यावर पाणी गळालं तर? म्हणूनच भोक फुकट आहे, ते पाडा.

जोडणी करताना

पंपाच्या तोंडाला आधी हातभर लवचीक नळी लावा, म्हणजे पंपाची घरघर कडक पाइपमधून कपाटात जात नाही. त्यानंतर युनियन आणि मग बॉल व्हॉल्व्ह. युनियन असेल तर पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागत नाही. व्हॉल्व्ह कायम पंपाच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला. पाणी आत घेणाऱ्या बाजूला आवळलं तर पंप उपाशी राहतो आणि लवकर खराब होतो. जिथे जागा आहे तिथे एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन लावा. पाणी अलगद वळतं. सॉल्व्हंट सिमेंट लावण्याआधी सगळी लाइन कोरडी जुळवून बघा. सिमेंट वाळल्यावर साध्या पाण्याने लाइन धुवा, मगच माशांचं पाणी सोडा. आटे असलेल्या जोडांना टेफ्लॉन टेप.

शेवटची वर्षं

१७५० मध्ये डॅनियलला अखेर बाझलमध्ये भौतिकशास्त्राची जागा मिळाली. म्हणजे वयाच्या पन्नाशीत आवडीचं काम! पुढे १७७६ पर्यंत तो शिकवत राहिला. वर्गात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचा, आणि त्याच्या व्याख्यानांना गर्दी व्हायची. १७६० मध्ये त्याने देवीच्या रोगावर हिशेब मांडला: टोचून घेतलं तर किती जीव वाचतील, याचं गणित. साथीच्या रोगांच्या गणिती अभ्यासातलं ते अगदी सुरुवातीचं काम समजलं जातं. लग्न त्याने केलं नाही. १७ मार्च १७८२ रोजी बाझलमध्ये तो वारला आणि तिथल्याच पीटर्सकिर्श चर्चमध्ये त्याला पुरलं.

वडिलांना त्याला हिशेबनीस व्यापारी करायचं होतं. एका अर्थी तो झालाही हिशेबनीस, पण पाण्याचा. उंची किती, दाब किती, वेग किती, आणि बेरीज जुळते का. घराला पाणी चढवणारी मोटर असो, शेतातला ठिबकचा पाइप असो की माशांच्या टाकीचा पंप, आजही याच वहीत बघावं लागतं.

तर मित्रांनो, लाइन जोडून झाली की एक काम नक्की करा. टाकी चालू असताना सम्पच्या काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारा. मग पंपाचं बटण स्वतः बंद करा आणि पाणी उतरायचं थांबेपर्यंत तिथेच उभे राहा. जिथे थांबेल तिथे दुसरी रेघ मारा. दुसरी रेघ सम्पच्या काठापासून चांगली खाली असेल, तर तुमचा हिशेब जुळला. काठाच्या जवळ आली, तर सम्पमधलं पाणी कमी करा आणि पुन्हा बघा. मध्यरात्री लाइट जाण्याआधी ही परीक्षा दिवसाउजेडी घेतलेली बरी.